आधी होडी, मग पायी

झाली गो कुंदा. आपली फेरी झाली. नऊ माणसं आली, नऊच्या नऊ सुखरूप परत गेली, होडी बुडली नाही, चिखलात कोणी पडलं नाही, आणि कोल्हापूरच्या एका बाईंनी निघताना माझा हात धरला तो सोडेचनात. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण तुझी खोड मला ठाऊक आहे. मी काही सांगायला बसले की तू तांदूळ निवडता निवडता म्हणायचीस, "वयनी, शेवटाक काय झाला ता आधी सांग, मगे तुझी बडबड मी आरामात ऐकतंय." तर शेवट हा असा झाला. आता आरामात ऐक.

हे छापून येणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडी रीत पाळते. कुंदा माझी धाकटी जाऊ. तिचं माहेर मांद्र्याचं, माझं सर्वणचं, आणि सासर दोघींचं एकच: डिचोलीत बंदरवाड्यावर, नदीकडे पाठ करून उभं असलेलं घर. एवढं पुरे. तू कधी जन्मलीस, कधी गेलीस, मागे कोण कोण आहे, ते सगळं पेपरातल्या चौकटीत फोटोसकट येऊन गेलं. फोटो तुझ्या लेकीने, निशाने निवडला. त्यात तू फार शहाणी दिसतेस.

सुरुवात तुझ्या भावापासून झाली, आठवतं ना? त्याने मांद्र्याला समुद्राजवळ चार खोल्यांचं गेस्टहाऊस काढलं. येणारी माणसं दोन-तीन दिवस वाळूत लोळायची आणि मग त्याला विचारायची, आता आणखी काय बघायचं? एकदा फोनवर त्याने तोच प्रश्न तुला विचारला आणि तू एका क्षणाचा विचार न करता म्हणालीस, "डिचोली." मी गॅसपाशी उभी होते, हसून हसून माझं दूध उतू गेलं. डिचोलीत बघायचं काय? मये तळ्यावर निघालेल्या गाड्या डिचोलीत थांबतात त्या पंक्चर काढायला.

पण तू हसत नव्हतीस. म्हणालीस, बाजारात जाताना तू मला रोज जे सांगतेस तेच त्यांना सांग. कुठल्या कासाराने कुठल्या देवळाची समई ओतली, कुठल्या गल्लीत दोघा सख्ख्या भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईने गवंड्याला सांगून त्या भिंतीत खिडकी पाडून घेतली, पोदेर, म्हणजे आपला पाववाला, भट्टी कशी पेटवतो, हे सगळं. "इतकी वर्सां मी एकटीच ऐकतंय," तू म्हणालीस, "आता दुसऱ्यांकय ऐकूंदे." टोमणाच होता तो. पण मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री मी भाजीत मीठ दोनदा घातलं.

निशाने फोनवर जाहिरात केली: डिचोली सिटी वॉक आणि रिव्हर क्रूझ. आपल्या बाबलच्या होडीला क्रूझ म्हटलेलं वाचून बाबल स्वतःच घाबरला. बाबल म्हणजे सावंतवाडीकडचा, बरीच वर्षं खनिजाच्या बार्जवर होता, बार्ज बंद पडल्यावर त्याने ही इंजिनाची होडी घेतली. क्रूझ म्हटल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी होडीला ताडपत्रीचं छप्पर घातलं आणि छपराला बायकोच्या जुन्या साडीची झालर लावली. निळ्या काठाची. ती झालर वाऱ्यावर उडायला लागली तेव्हा आपण दोघी बंदराच्या पायऱ्यांवर उभ्या राहून लहान पोरींसारख्या टाळ्या वाजवत होतो.

आणि मग सुरू झालं आपलं भांडण. माझं म्हणणं, आधी पायी. सकाळच्या गारव्यात बाजार, सोनारपेठ, देऊळ, पोदेर, सगळं चालून होईल. पाय दुखायला लागले की माणसांना होडीत बसवायचं, ओहोटीच्या पाण्याबरोबर खाली सारमानसच्या धक्क्याला सोडायचं, तिथे त्यांच्या गाड्या थांबलेल्या. तुझं म्हणणं नेमकं उलट. गाड्यांनी माणसं सारमानसला सोडायची आणि भरतीच्या पाण्याबरोबर होडीने त्यांना वर गावात आणायचं. पूर्वी डिचोलीला मीठ यायचं ते नदीतून, कौलं यायची ती नदीतून, नवरीसुद्धा होडीतून बंदरावर उतरायची. गावात शिरायचं तर गावाच्या दारातून शिरावं, भिंतीवरून उडी मारून नव्हे, असं तू म्हणायचीस. मी म्हणायची, ओल्या पायांनी माणसं देवळात कशी जातील? तू म्हणायचीस, देवळात तसंही पाय धुऊनच जातात. रोज संध्याकाळी हेच. आपला आवाज वाढला की भाऊजी, म्हणजे तुझे घरधनी, टीव्हीचा आवाज वाढवायचे.

माझं खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. मला पाण्याची भीती वाटते. सर्वणची मी, मला पाणी माहीत ते मळ्यातलं, गुडघ्याएवढं, आणि त्यात भाताची रोपं असली तरच माझा विश्वास. होडी शेवटी ठेवली असती तर बंदरावर माणसांना बसवून, "तुम्ही व्हा पुढे," म्हणून मला दोन पावलांवरच्या घरात सटकता आलं असतं. तुला हे कळलं होतं का गो? मला वाटतं, कळलं होतं. एकदाही बोलून दाखवलं नाहीस, म्हणून वाटतं.

आता त्या पहिल्या चाचणीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कोणाला कळायचं नाही. तुझ्याच हट्टाने आधी होडी असं ठरलं. तू पंचांग काढलंस, तिथी बघितलीस, बोटांच्या पेरांवर मोजलंस आणि पाणी कधी भरेल ते ठणकावून सांगितलंस. हिशोब अगदी बरोबर होता. मांद्र्याच्या समुद्राचा. समुद्राचं पाणी मांडवीच्या तोंडातून आत शिरून, वळणं घेत घेत डिचोलीच्या बंदराला लागेपर्यंत त्यालाही वेळ लागतो, हे तू धरलंच नव्हतंस. माहेरचं पाणी सासरी तसंच्या तसं चालेल असं वाटणारी तू काही पहिली बाई नव्हेस. बाबल डोकं खाजवत होता, पण मालकिणीच्या माहेरच्या समुद्राला चूक कोण म्हणणार?

गावाच्या अलीकडच्या वळणावर होडी चिखलात बसली. बसली ती बसलीच. आजूबाजूला खारफुटी, वर ऊन, खाली तो वास, आणि खेकडे आपापल्या बिळांतून बाहेर येऊन क्रूझ बघायला लागले. तू पदर खोचून नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा उघडलास. पाहुण्यांना कशा लागतील ते बघायला म्हणून केलेल्या नेवऱ्या आपण तिघांनी संपवल्या. बाबलने तर डब्याच्या तळाचा चुरासुद्धा ठेवला नाही. तू इतकी खूश होतीस की जशी काही होडी त्यासाठीच थांबवली होती.

माझा धीर सुटला. बाबलने फळी टाकली, मी बांधावर उतरायला गेले आणि एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. तू हसत होतीस आणि म्हणत होतीस, "थांब गो वयनी. पाणी येतला. थांब." मी थांबले नाही. बांधाबांधाने, शेतांमधून, लुगड्याला चिखल घेऊन घरी चालत आले. वाटेत प्रत्येकाने विचारलं, लावणीला गेली होतीस का?

तू पाण्याबरोबर आलीस, बऱ्याच वेळाने. दारात पाय पुसत उभी राहिलीस, आणि तुझ्या तोंडावर काहीतरी होतं. मी विचारलं, काय एवढं? "बघण्यासारखा चुकयलंस," तू म्हणालीस. मी म्हटलं, चिखल बघितला तेवढा पुरे.

त्या दिवसानंतर तुझं काय चाललं होतं ते मला समजेना. आधी भाऊजींना शिडीवर चढवून घराच्या मागच्या भिंतीची शेवाळ खरवडून घेतलीस. मग चुन्यात भरपूर नीळ कालवून अख्खी भिंत निळी केलीस आणि खिडक्यांना, मागच्या दाराला पांढरी चौकट. दाराशी जास्वंदीच्या कुंड्या. मी म्हटलं, मागच्या भिंतीला रंग कशाला? तिथे बघायला कोण येतंय, बदकं? तू म्हणालीस, "बघशील." आणि शेवटी तू कपडे वाळत घालायची दोरी काढलीस. सासूबाईंच्या वेळेपासून आपले कपडे मागच्या अंगणात नदीकडे तोंड करून वाळत आले. ती दोरी तू नेऊन बांधलीस बाजूला, फणसाखाली, जिथे सूर्य फक्त पाहुणा म्हणून येतो. कपडे दोन-दोन दिवस ओले. परकराला वास यायला लागला. मी इतकी चिडले की माझी लुगडी मुद्दाम पुढच्या अंगणात रस्त्याकडे वाळत घातली, सगळ्या गावाला दिसतील अशी. तरी तू दोरी हलवली नाहीस. मी इतकं बोलले, तू नुसती गाणं गुणगुणत भांडी घासत राहिलीस. तुझ्याशी भांडणाऱ्याचं हेच नुकसान असायचं, समोरून कोणी भांडायलाच नाही.

आणि मग तू गेलीस.

हॉस्पिटलात तोंडावरचा मास्क बाजूला करून तू मला एकच विचारलंस. "आधी होडी मगे, वयनी?" मी म्हटलं, तू आधी घरी ये, मग बघू. तू डोळे मिटून हसलीस. मला वाटलं, भांडण उद्यावर गेलं. आजवर आपलं प्रत्येक भांडण उद्यावरच गेलेलं होतं, मग मला वेगळं का वाटावं?

फेरीची तारीख सुतकात आली. निशाने सगळ्यांना फोन करून रद्द करायचं म्हणून हातात फोन घेतला होता. मी दिव्यात तेल घालत राहिले. मला वाटत होतं फेरी व्हावी, आणि असं वाटतं याचीच लाज वाटत होती. घरात दिवा जळतोय, भाऊजी मुंडण करून क्रियेला बसलेत, आणि मला माणसांना बाजार दाखवायचा आहे. चार दिवसांपूर्वी मरण झालेल्या घरची बाई रस्त्यातून पाहुणे घेऊन हिंडते, असं गाव म्हणालं तर त्यांचंही काय चुकलं?

बोलले ते भाऊजी. तू गेल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, विधीचे मंत्र सोडले तर. खाली बघत निशाला म्हणाले, "त्या दिसा पाणी येतला ना? मगे माणसांकय येऊंदेत." निशाने फोन खाली ठेवला. झालं. रद्द करण्याचा विषय परत निघाला नाही.

पण मी अजून माझंच खरं करणार होते बरं का. तू नाहीस म्हणजे आधी पायी असं मी मनात ठरवलंही होतं. तेवढ्यात बाबल आला. सुतकाच्या घरचा चहा घेत नाहीत, म्हणून तो पायरीवर नुसताच बसला, टोपी हातात फिरवत. म्हणाला, तुमच्या पद्धतीने नेलं तर चालून होईपर्यंत ऊन टाळूवर येईल, आणि ताडपत्रीखाली माणसं भाजून निघतील. "बायन तारीखच तशी धरल्यानी," तो म्हणाला. "सकाळी पाणी चढता. आणि ह्या फावटी समुद्राचा नाय, बंदराचा पाणी धरल्यानी. कितीदा येऊन बसलेली ती पायऱ्यांर, पाणी कधी पावता ता बघूक."

कितीदा येऊन बसलेली. आणि मला सांगून जायचीस, कोथिंबीर आणते. मला आठवलं, त्या दिवसांत आपल्याकडे रोज कोथिंबीर असायची, आणि कधीकधी नसायची, आणि मी एकदाही विचारलं नाही. लबाड गो तू. भांडण उद्यावर ढकलत राहिलीस आणि तारीख मात्र आपल्या बाजूची धरून ठेवलीस.

तर मग सकाळी सारमानसला. थंडी होती, नदीवर धुकं, आणि गाडीतून उतरणारी माणसं मी एकेक करून मोजत होते. कोल्हापूरच्या बाई, त्यांचे यजमान, पुण्याच्या कॉलेजातल्या दोन मुली, बाकीचं एक कुटुंब. त्यांना तुझ्याबद्दल काही सांगायचं नाही असं मी आणि निशाने ठरवलं होतं. सहलीला आलेल्या माणसांच्या ओटीत कोणी मरण घालतं का?

पण होडीचा पहिला दिवस, नारळ तर ठेवायला हवा. मी सुतकात, माझा हात लागायचा नाही. निशा म्हणाली मी ठेवते, कारण तिचं सुतक तीन दिवसांत फिटलेलं. लग्न होऊन गेलेल्या पोटच्या मुलीला तीन दिवस आणि मला जावेला दहा. आजवर ही रीत मला नेहमी उलटी वाटायची. ह्या वेळी पहिल्यांदा वाटलं, रीत घालणाऱ्याला काहीतरी ठाऊक होतं.

नारळ निशाने ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं बाबलने. काय घातलं म्हणून सांगू! बार्जवर इतकी वर्षं गप्प राहून साठवलेलं सगळं त्याने नदीसमोर ओतलं. बा म्हाराजा, ही लांबलांबची लेकरां तुझ्या पाण्यार इलीहत, तेंका सुखरूप बंदराक लाव रे म्हाराजा. निशाने पाहुण्यांना शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे नऊच्या नऊ जण ओरडले, व्हय म्हाराजा. इंजिन बंद पडूंदे नको रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. पुण्याच्या मुलींना इतकी मजा वाटली की त्या आधीच ओरडायला लागल्या. आणि शेवटी बाबल हळू आवाजात म्हणाला, जिणे ही वाट दाखयल्यान, तिचीय वाट बरी कर रे म्हाराजा. पाहुण्यांना काय ठाऊक? ते त्याच उत्साहाने ओरडले, व्हय म्हाराजा. सगळी नदी दणाणली. तुझ्यासाठी गो. नऊ अनोळखी माणसं, पोट भरून.

मी होडीत बसले ती बांबू धरून. माझ्या शेजारी त्या कोल्हापूरच्या बाई, त्यांनीही दुसरा बांबू धरलेला. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना कळलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं पंचगंगा हाय, पण आम्ही ती पुलावरनंच बघतो." मी म्हटलं, शहाण्या आहात. आणि मग त्यांची भीती घालवायला म्हणून मी बोलायला लागले. ह्या बाजूला उभ्या गंजलेल्या बार्ज, त्यांच्यावर झाडं उगवलीत ती बघा. हा बांध, हे मानस, म्हणजे खारं पाणी शेतात जाऊ न देणारं दार. इथून मीठ जायचं, इथून कौलं. माझी पायी फेरी होडीतच सुरू झाली! आणि पाणी आपलं मागून ढकलतंय, वर चढतंय, जसं काही तेही ऐकायला बरोबर निघालंय. बाबलने इंजिन अगदी मंद केलं होतं. मला बांबू सोडून हातवारे करायला लागून किती वेळ झाला तेसुद्धा कळलं नाही.

मग ते वळण आलं. चिखलाचं. मी परत बांबू धरला. आणि होडी त्या जागेवरून सुळकन गेली, खाली हातभर पाणी. खेकडे कुठे दिसले नाहीत. आपण नेवऱ्या खाल्ल्या त्या जागेवर एक बगळा उभा होता.

वळणानंतर गाव दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं गो. इतकी वर्षं त्या गावात राहून ठाऊक नव्हतं. कौलांवर कौलं, त्यांच्यामधून माड, धूर, देवळाचा कळस. आणि खाली घरांच्या पाठी. सगळ्यांची धुणी, फुटक्या बादल्या, पत्र्याचे तुकडे, कोणाची मोडकी खाट. मला लाज वाटायला लागली. पाहुण्यांना काय दाखवते आहे मी हे? आणि तेवढ्यात, त्या सगळ्याच्या मधोमध, निळं.

अख्खी भिंत निळी. पांढऱ्या चौकटी, जास्वंद, पायऱ्या झाडून घेतलेल्या. समोर एक चिंधी नाही, एक परकर नाही. ते घर सगळ्या गावात एकटंच नदीकडे तोंड करून उभं होतं, कोणीतरी यायचं आहे असं. आणि ते पाण्यातसुद्धा उतरलेलं होतं, उलटं, हलतं.

त्या दिवशी तू होडीतून एकटी आलीस तेव्हा तुला इथे आपली धुणी दिसली असणार. काळी भिंत दिसली असणार. म्हणून तू दारात पाय पुसत तशी उभी होतीस.

दारात भाऊजी होते. मुंडण केलेलं डोकं, अंगावर पंचा. सुतकात घराबाहेर पडायचं नाही म्हणून उंबऱ्याच्या आतच, पण उभे. त्यांना ठाऊक होतं गो सगळं. शिडीवर तेच होते ना.

मुली फोटो काढायला लागल्या. कोल्हापूरच्या बाईंनी माझा दंड हलवला. "अहो, हे घर कुणाचं?"

"आमचं."

"आणि हे पुढचं दार?"

मी म्हटलं, "होय. हे पुढचं दार."

बाबलने इंजिनच बंद केलं. होडी तशीच पाण्याबरोबर सरकत राहिली, आणि भाऊजींनी हात वर केला, पाहुण्यांना करतात तसा. नऊही जणांनी त्यांना हात केला. मी केला नाही. माझे दोन्ही हात पदराने तोंड पुसण्यात गुंतलेले होते.

पुढची फेरी कशी झाली ते थोडक्यात सांगते, नाहीतर तू म्हणशील वयनी आता वाहवत गेली. फार छान झाली! कासाराने साच्यात पितळ ओतून दाखवलं. भिंतीतली खिडकी बघून पुण्याच्या एका मुलीने विचारलं की त्या आजी खिडकीतून काय करायच्या, मी म्हटलं, दोन्ही बाजूंना आमटी द्यायच्या आणि दोन्ही सुनांना शिव्या. आपल्या घरचं काही वाढता येत नव्हतं, म्हणून पोदेराकडचे गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि हॉटेलातली पातळ भाजी. एकेकाने तीन-तीन उंडे खाल्ले. तुझ्या नेवऱ्या असत्या तर, असं म्हणणार होते, पण बरं झालं, तुझ्या नेवऱ्या आता फक्त आपल्या तिघांना माहीत.

देवळापाशी आल्यावर निशा सगळ्यांना आत घेऊन गेली आणि मी बाहेर दीपस्तंभापाशी उभी राहून बाहेरूनच सांगत राहिले. आत डावीकडे बघा, लाकडावर मोर आहे, त्याचा एक डोळा कोरायचा राहून गेला आहे. आतून आवाज, "सापडला." त्यातही मजा आली. पण कोल्हापूरच्या बाई आत जाता जाता परत फिरल्या. विचारलं, तुम्ही का नाही येत? पाय दुखतात का?

मी म्हणणार होते हो. तोंडापर्यंत आलं होतं.

"सुतक आहे," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"ती निळी भिंत जिने करून घेतली ना, तिचं. माझी जाऊ."

त्यांनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या. मग देवळात न जाता माझ्याबरोबर बाहेरच उभ्या राहिल्या, बाकीचे बाहेर येईपर्यंत. आणि निघताना हात धरला तो असा. मी म्हटलं, सुतकात शिवू नये हो. त्या म्हणाल्या, "आता शिवले की."

माझे हे गेले तेव्हाची एक गोष्ट मी कधी बोलून दाखवली नाही. आपल्या चुली तेव्हा वेगळ्या होत्या. दिवस झाल्यावर एका सकाळी तू तुझी पातेली, तुझी कोळंबीच्या कढीची कढई, मसाल्याचा डबा असं सगळं उचलून माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलंस आणि म्हणालीस, तुझ्याकडचा गॅस बरा पेटतो. माझा गॅस कधीच बरा पेटत नव्हता. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. आभार मानायचे म्हणून ठेवून दिले होते, एखादं चांगलं निमित्त बघून. ते आता इथे मानते, नदीवरून आल्यासारखे, तुझ्या दारातून.

तू जिंकलीस. आधी होडी, मग पायी. बाबलने पुढच्या भरतीची तिथी विचारली, तर मी पंचांग काढलं, बोटांच्या पेरांवर मोजलं आणि नंतर कोथिंबीर आणायला म्हणून बंदरावर जाऊन बसले. पाणी आपल्या वेळेने आलं. पायरीवर तुझी जागा गुळगुळीत झाली आहे का, ते हात लावून बघितलं. नाही झालेली. दगडच तो.

पण दोरीबद्दल मी अजून हरलेले नाही हां. काल तुझी साडी धुतली, शेवटची नेसलेली, ती हिरवी. फणसाखाली वाळत घातली आणि बांधावर जाऊन बघून आले, नदीवरून दिसते का. दिसत नाही. आज दुसरा दिवस आहे, अजून ओलीच आहे. मी सांगत होते तुला. तिथे काहीही लवकर सुकत नाही.